पदवी निवडताना जाहिरातीतली ‘अर्हता’ आधी वाचा : नाशिककरांचा प्रवेश-धागा

गोदाकाठ
निकाल लागला की कॉलेज रोडला फ्लेक्स लागतात आणि इथे तोच प्रश्न येतो, ‘इतके टक्के पडलेत, काय घेऊ?’ टक्क्यांवरून कुठे मिळेल एवढंच कळतं. काय घ्यावं ते कळायला दुसऱ्या टोकाकडून यावं लागतं, म्हणून यंदा एकच धागा काढतोय.

इथे प्रश्न टाकण्याआधी एक काम करा. चार-पाच वर्षांनी जे काम करायचं डोक्यात आहे, त्याच्या खऱ्या जाहिराती शोधा. पाच पुरेत. सरकारी असेल तर जुन्या जाहिराती लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी, यूपीएससी) साइटवर पडून असतात, खासगी असेल तर नोकरीच्या कुठल्याही साइटवर मिळतील. त्यातला पगार सोडा, ‘शैक्षणिक अर्हता’ हा परिच्छेद शब्दन् शब्द वाचा. ज्या पदवीचं नाव तिथे छापलेलं आहे ती पदवी तुमच्या यादीत आली पाहिजे. ‘समकक्ष’ शब्दाच्या भरवशावर राहू नका. समकक्षता ठरवण्याची वेळ येते तेव्हा पत्रव्यवहार तुम्हालाच करावा लागतो आणि तोवर जाहिरातीची मुदत गेलेली असते.

एक नमुना दाखवतो. नाशिकमध्ये द्राक्ष, कांदा, वाइन, प्रक्रिया उद्योग भरपूर, त्यामुळे अन्न सुरक्षा अधिकारी व्हायचंय असं बरीच मुलं म्हणतात. २०११ च्या केंद्रीय नियमांत त्या पदासाठी अन्न तंत्रज्ञान, दुग्ध तंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, तेल तंत्रज्ञान, कृषी, पशुवैद्यक, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र यांपैकी पदवी किंवा वैद्यकीय पदवी लागते. रसायनशास्त्र मात्र त्या यादीत पदव्युत्तर म्हणून आहे. म्हणजे मायक्रोबायोलॉजीवाला बी.एस्सी. होऊन अर्ज करू शकतो आणि केमिस्ट्रीवाल्याला त्याच पदासाठी एम.एस्सी. करावं लागतं. दोघं एकाच कॉलेजात, एकाच इमारतीत शिकलेले असतात. हा दोन वर्षांचा फरक प्रवेशाच्या दिवशी कोणी सांगत नाही.

उलट बाजूही बघा. राज्यसेवा किंवा यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा द्यायची असेल तर कोणतीही मान्य पदवी चालते. तिथे ‘यूपीएससीसाठी कोणती ब्रँच चांगली’ हा प्रश्नच उरत नाही. जी वेळेत आणि केटी (नापास विषय पुढच्या वर्षात ओढत नेणं) न लागता पूर्ण होईल ती. पण आयोगाच्या अभियांत्रिकी सेवेत स्थापत्य अभियंता व्हायचं असेल तर सिव्हिलचीच पदवी हवी.

आता विचारा.

सिडको_पालक
मुलगी बारावी सायन्स, पीसीएम. सीईटी बेताची झाली. कॉम्प्युटरच हवं म्हणते. गावाबाहेरच्या नव्या कॉलेजात ‘एआय अँड डेटा सायन्स’ मिळेल असं दिसतंय, जुन्या कॉलेजात इन्स्ट्रुमेंटेशन किंवा ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन). तिसरा पर्याय म्हणजे शहरातच बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स. काय बघून ठरवायचं?

सातपूर_शॉपफ्लोअर
ताई, ब्रँचच्या नावावर जाऊ नका. दोन्ही अभ्यासक्रमांचा आराखडा विद्यापीठाच्या साइटवरून उतरवून घ्या आणि शेजारी शेजारी ठेवा. एआय-डीएसमध्ये डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डीबीएमएस, कॉम्प्युटर नेटवर्क्स हे चार विषय पूर्ण पेपर म्हणून आहेत का ते बघा. असतील तर ती कॉम्प्युटरचीच पदवी आहे, वर वेगळा मुलामा. नेटवर्क्स किंवा ओएस अर्ध्या युनिटमध्ये गुंडाळलं असेल तर मुलाखतीत आणि गेटमध्ये (अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत) जड जाईल. २०२४ पासून गेटला डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर आहे हे खरं. पण सरकारी जाहिरातीत बहुतेक ठिकाणी ‘कॉम्प्युटर / आयटी’ एवढंच छापलेलं असतं, आणि छापलेल्या नावाचं महत्त्व गोदाकाठ यांनी वर सांगितलंच.

इन्स्ट्रुमेंटेशनला लोक उगाच नाकं मुरडतात. सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांत पीएलसी (यंत्रं चालवणारे नियंत्रक), सेन्सर, कॅलिब्रेशनचं काम करणारी माणसं लागतात. पण मुलीला कोडिंगच आवडत असेल तर तिला तिथे ढकलू नका. दुसऱ्या वर्षापासून वर्गात बसून यूट्यूबवर पायथन शिकायची आणि केटी लावून घ्यायची, हे दोन्हीकडून नुकसान.

गणिताची_वही
बी.एस्सी. सीएसचा हिशेब सरळ आहे. तीन वर्षं अधिक एम.सी.ए. दोन वर्षं, म्हणजे पाच. बी.ई. चार. एक वर्ष जास्त जातं, पण पहिल्या तीन वर्षांची फी अभियांत्रिकीच्या मानाने बरीच कमी आणि घर सोडावं लागत नाही. एम.सी.ए. २०२० पासून दोन वर्षांचं झालं आहे, त्याची वेगळी सीईटी असते आणि प्रवेश कॅपमधून (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) होतो, त्यामुळे शिष्यवृत्तीचा मार्ग उघडा राहतो.

गडबड होते ती अशी : बारावीला गणित नाही, पदवीलाही गणित नाही, आणि मग एम.सी.ए.ला अडू शकतं. बारावी किंवा पदवी, एका ठिकाणी तरी गणित असलेलं बरं. बीबीए-सीए (कॉम्प्युटर ॲप्लिकेशन) घेणाऱ्या कॉमर्सच्या मुलांनी हे पहिल्याच दिवशी तपासावं. आणि एका ओळीचा सल्ला : मुलीने सुट्टीत सी भाषेत शंभर छोटे प्रोग्राम स्वतः लिहून बघावेत. पॉइंटर हा त्यातला अवघड भाग आल्यावर कंटाळली नाही तर तीनही पर्याय तिला चालतील.

पंचवटीकर
शॉपफ्लोअर यांच्याशी अर्धा सहमत. कॅम्पसला कंपन्या येतात त्या कॉलेज बघून, आणि सॉफ्टवेअर कंपन्या बऱ्याचदा सगळ्या ब्रँच बसवतात. चांगल्या कॉलेजात ईअँडटीसी घेऊन सॉफ्टवेअरला जाणं हा जुनाच रस्ता आहे. नव्या कॉलेजच्या पहिल्या दोन बॅचला तर प्लेसमेंटचा इतिहासच नसतो.

सातपूर_शॉपफ्लोअर
मंदी आली की ‘सगळ्या ब्रँच’ हा शब्द पहिला जातो. मग उरतात कॉम्प्युटर आणि आयटी. म्हणून कॉलेजचं नाव ऐकून नको, आकडे बघून ठरवा म्हणतो.

ताळेबंद
आकडे कुठे बघायचे ते मी सांगतो. फ्लेक्सवर नाही. एनआयआरएफच्या (केंद्र सरकारच्या) क्रमवारीत भाग घेतलेल्या प्रत्येक कॉलेजने भरलेली माहिती पीडीएफमध्ये स्वतःच्या साइटवर ठेवायची असते, बहुतेक ठिकाणी पानाच्या तळाशी बारीक अक्षरात दुवा असतो. त्यात ‘यूजी ४ वर्षे’ असा तक्ता शोधा. स्तंभ असे : पहिल्या वर्षी प्रवेश किती, थेट दुसऱ्या वर्षात किती आले, ठरलेल्या मुदतीत किती पास झाले, किती जणांना नोकरी लागली, मध्यक पगार (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त), उच्च शिक्षणाला किती गेले.

नमुन्यासाठी आकडे घेऊ (कल्पित आहेत, कोणत्या कॉलेजचे नाहीत). प्रवेश ४८०, थेट दुसऱ्या वर्षी ५२, मुदतीत पास ३९०, नोकरी २१४, मध्यक ३,६०,०००, उच्च शिक्षण ३१.

आता कॉलेजचं माहितीपत्रक म्हणेल ‘८९ टक्के प्लेसमेंट’. खोटं नाही ते. त्यांनी २१४ ला ‘पात्र विद्यार्थी २४०’ ने भागलंय. पात्र म्हणजे साठ टक्क्यांच्या वर, एकही बॅकलॉग नाही आणि प्लेसमेंट सेलकडे नोंदणी केलेली. तुम्ही मात्र प्रवेश घेतलेल्या ५३२ ने भागा. ४० टक्के येतात. शिवाय मुदतीत पास झालेल्या ३९० मधून २१४ आणि ३१ वजा केले की १४५ मुलं उरतात, ती ना नोकरीत ना पुढच्या शिक्षणात. आणि ५३२ मधली १४२ मुदतीत पासच झाली नाहीत. माझ्या मते हा शेवटचा आकडा सगळ्यात बोलका. तिथे शिकवणं, परीक्षा आणि हजेरी, तिन्हींचा निकाल एकत्र कळतो.

या तक्त्यात ब्रँचवार फोड नसते. ती एनबीएच्या (अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या) कागदात मिळते. नॅकचं मूल्यांकन सगळ्या कॉलेजचं, एनबीए एकेका ब्रँचचं आणि मुदतीचं. ‘एनबीए मान्यताप्राप्त’ असं गेटवर लिहिलेलं असलं तरी कोणत्या ब्रँचला आणि कोणत्या वर्षापर्यंत, ते विचारा.

मध्यक पगाराबद्दलही. ३.६ लाखांचं पॅकेज म्हणजे महिना ३०,००० हातात येत नाहीत. मूळ पगार १५,००० धरला तर पीएफचे दोन्ही वाटे मिळून ३,६००, ग्रॅच्युइटी सुमारे ७२०, व्यवसाय कर २००. उरले साडेपंचवीस हजारांच्या आसपास. हिंजवडीत खोली घेऊन राहणाऱ्याने याच आकड्यावर गणित मांडावं.

सिडको_पालक
हे कोणीच सांगितलं नव्हतं. आज संध्याकाळी तिला घेऊन तिन्ही कॉलेजांचे तक्ते काढते. ऑप्शन फॉर्म भरताना काय चुकतं तेही सांगा.

कागदपत्र_काकू
सांगते, जरा लांब होईल.

आधी कटऑफची यादी वाचायला शिका. जी-ओपन-एच, एल-ओबीसी-एस असे कोड दिसतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींची जागा. मधला भाग प्रवर्ग. शेवटचा एच म्हणजे गृह विद्यापीठ, ओ म्हणजे बाहेरचं विद्यापीठ, एस म्हणजे राज्यस्तर. नाशिक, पुणे आणि अहिल्यानगर हे तीन जिल्हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात. म्हणजे नाशिकच्या मुलीला पुण्यातल्या संलग्न कॉलेजातही एच लागतो, आणि जळगावला मात्र ओ. आपल्या लागू नसलेल्या स्तंभात बघून ‘मिळेल’ म्हणणारे पालक दरवर्षी भेटतात.

पर्सेंटाइलपेक्षा गुणवत्ता क्रमांकाची तुलना करा. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या बदलते, त्यामुळे तेच पर्सेंटाइल दुसऱ्या वर्षी वेगळ्या क्रमांकावर पडतं. मागच्या तीन वर्षांचे क्रमांक लिहा, फेरीनिहाय.

फॉर्मचा क्रम म्हणजे फक्त तुमच्या आवडीचा क्रम. ‘मिळण्याची शक्यता’ बघून क्रम लावायचा नसतो. वर अवघड पर्याय टाकल्याने खालचा हातचा जात नाही. पण २०२५-२६ च्या नियमांत एक धार आली : चार फेऱ्या झाल्या, आणि पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो आपोआप गोठतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी एक मिळाला तरी गोठतो, तिसऱ्यात पहिल्या सहांपैकी. म्हणजे मैत्रिणीने टाकलं म्हणून पहिल्या नंबरवर एखादं कॉलेज टाकलं आणि लागलं, की पुढच्या फेऱ्या बंद. वरच्या सहा ओळी रात्री बारा वाजता सायबर कॅफेत भरू नका. यंदाची माहिती पुस्तिका आली की हा भाग तिच्यातून ताडून बघा, नियम दरवर्षी हलतात.

टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या जागा : मंजूर जागांच्या वर ५ टक्के, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत. हिला स्वतंत्र चॉइस कोड असतो. साधा कोड टाकला की टीएफडब्ल्यूएसचा विचारच होत नाही, आणि अर्जात ‘हो’ केलंय म्हणून लोक निश्चिंत. शिवाय या जागेवर नंतर कॉलेज किंवा ब्रँच बदलता येत नाही.

आता दाखले. जातीच्या दाखल्यावर प्रवेश मागायचा तर वैधता प्रमाणपत्र लागतं. बारावीला असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करायचा, जून उजाडेपर्यंत थांबायचं नाही. पुरावे कोणत्या तारखेआधीचे लागतात ते लक्षात ठेवा : अनुसूचित जाती १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमाती ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्या २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा गाव नमुना १४ ची (जन्म-मृत्यू नोंदीची) नक्कल शोधायला गावाच्या शाळेत आणि तहसीलला तीन-चार खेपा धरून चाला. अनुसूचित जमातीची तपासणी समिती आदिवासी विकास विभागाची, बाकीच्यांची वेगळी.

नॉन-क्रिमीलेअर ३१ मार्चपर्यंत चालतं. दाखला फेब्रुवारीत काढला आणि जूनमध्ये बाद ठरला, असं होऊ देऊ नका. मुदत पुढच्या मार्चची आहे ना ते दाखल्यावर वाचा. ईडब्ल्यूएसचा राज्याचा नमुना वेगळा, केंद्राचा वेगळा. सेतूवाल्याला कोणता हवा ते सांगावं लागतं.

आणि नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. महाडीबीटीचे (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) पैसे आधारला जोडलेल्या खात्यात पडतात. खातं नुसतं लिंक असून भागत नाही, बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी मॅपिंग कोणत्या बँकेला आहे’ असं विचारा. दोन बँकांत खातं असेल तर पैसे भलतीकडे जातात आणि पोरगी हप्ता आला नाही म्हणून रडत बसते.

देवळाली_कॅम्प
मुलींना फी पूर्ण माफ आहे ना? मग टीएफडब्ल्यूएस कशाला?

कागदपत्र_काकू
सरसकट नाही दादा. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमात ट्यूशन आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अट अशी की प्रवेश कॅपमधून हवा. संस्थास्तरावरच्या २० टक्के जागांवर घेतलेला प्रवेश चालत नाही. खासगी आणि अभिमत विद्यापीठं या योजनेत नाहीत. खुल्या प्रवर्गातल्या मुलाला राजर्षी शाहू योजनेत ट्यूशन फीच्या निम्मी रक्कम, तीही याच अटींवर. डेव्हलपमेंट फी, वसतिगृह, बस यांचे पैसे यातलं काहीही देत नाही. चौकशी खिडकीवर ‘एकूण फी’ नका विचारू, फोड लिहून मागा.

निफाडचा_मळा
आमच्याकडे विचारणारे जास्त बी.एस्सी. ॲग्रीवाले. घरी बाग आहे म्हणून कृषी घ्यायचं का, हा खरा प्रश्न.

गोदाकाठ
बागच बघायची असेल तर चार वर्षांची पदवी हा लांबचा रस्ता आहे. पदवीत माती, कीड, रोग, अर्थशास्त्र, विस्तार असं सगळं थोडं थोडं असतं. द्राक्षाची गोडी छाटणी त्यात एका प्रात्यक्षिकापुरती येते. पदवी लागते ती कृषी अधिकारी, बँकेतला कृषी अधिकारी, बियाणं-औषध कंपनी किंवा एम.एस्सी.साठी. नाशिक जिल्हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. कॉलेज त्या विद्यापीठाशी संलग्न आहे का आणि प्रवेश सीईटीतून आहे का, ते बघा. ‘ॲग्री’ नावाच्या काही पदव्या कृषी विद्यापीठाबाहेरच्या असतात. त्या घेण्याआधी बँकेची किंवा आयोगाची जाहिरात समोर धरा.

निफाडचा_मळा
पटलं. बागेसाठी पदवी नको, नोकरीसाठी हवी असेल तरच.

औषधी_लेन
मेडिकल बाजूचं थोडक्यात लिहितो. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या म्हसरूळला आहे, पण ते राज्यभरच्या कॉलेजांना संलग्नता देतं. नाशिकचे म्हणून जागा जास्त मिळतात, हा गैरसमज अजून आहे. फिजिओथेरपीला नीट लागते, बी.एस्सी. नर्सिंगची वेगळी सीईटी.

कोणत्याही आरोग्य अभ्यासक्रमाला एकच प्रश्न विचारा : ‘शिकून झाल्यावर माझं नाव कोणत्या परिषदेच्या नोंदवहीत येईल?’ नर्सिंगला नर्सिंग कौन्सिल, फार्मसीला फार्मसी कौन्सिल, पॅरामेडिकलला राज्याची परावैद्यक परिषद. उत्तर गुळमुळीत आलं तर पावती फाडू नका. सहा महिन्यांच्या ‘नर्सिंग असिस्टंट’ वर्गातून कोणी नोंदणीकृत परिचारिका होत नाही.

डी.फार्म. : दोन वर्षं आणि ५०० तासांचं प्रशिक्षण. दुकान काढायचं असेल तर पुरे. औषध निरीक्षक व्हायचं तर पदवी हवी. डी.फार्म.वरून बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षात जाता येतं, पण मग एकूण पाच वर्षं होतात. थेट बी.फार्म. चारच.

रात्रपाळी
अंबडला तीन पाळ्यांत काम करणाऱ्यांनी काय करायचं? मुक्त विद्यापीठाची पदवी कुठे चालत नाही?

गोदाकाठ
यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं, राज्याच्या कायद्याने झालेलं. मुक्त किंवा ऑनलाइन पद्धतीची मान्य पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, असं यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. ‘कोणतीही पदवी’ जिथे लागते तिथे बी.ए., बी.कॉम. चालतं, एमपीएससीलाही.

मर्यादा दोन. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, विधी हे दूरशिक्षणाने करता येत नाहीत, कोणी कितीही आश्वासन दिलं तरी. दुसरी : मान्यता विद्यापीठाला एकदाच मिळून संपत नाही, अभ्यासक्रमनिहाय आणि मुदतीची असते. यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोच्या साइटवर त्या सत्रासाठी तुमच्या अभ्यासक्रमाचं नाव आहे का बघा. प्रवेशाआधी तिथेच डीईबी आयडी काढावा लागतो, तो विद्यार्थ्याने स्वतः काढायचा. दलालाच्या मोबाइल नंबरवर काढला की पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे.

अभ्यासकेंद्र निवडताना जवळचं नको, रविवारी खरोखर तास घेणारं निवडा. एका रविवारी सकाळी दहाला जाऊन उभे राहा, कळतं.

सातपूर_शॉपफ्लोअर
रात्रपाळीवाल्यांत आयटीआय झालेले असतील तर त्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता आहे. आणि डिप्लोमावाल्यांना बी.ई.च्या थेट दुसऱ्या वर्षाचा, सीईटी न देता, डिप्लोमाच्या गुणांवर. दहावीनंतर कारखान्याच्या कामाची आवड ज्याला आहे त्याला मी अकरावीपेक्षा पॉलिटेक्निक आधी सांगेन. तीन वर्षांत हाताला काम लागतं आणि बी.ई.चं दार उघडं राहतं.

त्यात अडकतात ते गणितात. थेट दुसऱ्या वर्षी आलेल्याने पहिल्या वर्षाचे गणिताचे पेपर एम-वन, एम-टू केलेले नसतात आणि समोर एकदम एम-थ्री येतो. लाप्लास, फोरियर, व्हेक्टर. डिप्लोमाचा निकाल ते कॉलेज सुरू होणं, यात दोनेक महिने मिळतात. रोज दीड तास, फक्त इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन. हे केलेल्यांचा तिसऱ्या सेमिस्टरचा निकाल वेगळाच दिसतो.

इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी एक : ठेकेदारी करायची असेल तर पर्यवेक्षक परवाना लागतो, तिथे पदविका-पदवी इलेक्ट्रिकलची विचारतात. चकचकीत नावाची जोडब्रँच घेताना हे आठवा.

बीवायके_कट्टा
कॉमर्सकडे कोणी बघणार का? २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस एआयसीटीईच्या (केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) कक्षेत गेले आणि राज्यात त्यांना सीईटी लागली. त्या वर्षी इतक्या जागा रिकाम्या राहिल्या की दुसऱ्यांदा सीईटी घ्यावी लागली. बऱ्याच ठिकाणी तोच अभ्यासक्रम नाव बदलून बी.कॉम.च्या छत्राखाली आला. वाईट नाही, पण पदवी प्रमाणपत्रावर नेमकं काय छापून येणार ते प्रवेशाआधी लेखी विचारा. फ्लेक्सवर ‘बीबीए’ आणि प्रमाणपत्रावर ‘बी.कॉम. ऑनर्स’ असेल तर पुढे एमबीएला अडणार नाही, पण ‘बीबीए’ नाव मागणाऱ्या जाहिरातीत अडेल.

सीए करायचं असेल तर नुसतं बी.कॉम. घ्या, जड काही नको. फाउंडेशन (सीएची पहिली परीक्षा) आता वर्षातून तीनदा होते, आर्टिकलशिप (सीएकडची उमेदवारी) नव्या योजनेत दोन वर्षांची. तीनदा होते म्हणून तीनदा देऊ, या हिशेबाने बसू नका. बारावी झाल्यावर फाउंडेशनला दोन प्रयत्न द्या. नाही निघाली तर बी.कॉम. ५५ टक्क्यांनी पूर्ण करा, तिथून थेट इंटरला (दुसऱ्या टप्प्याला) जाता येतं. या दोन रस्त्यांच्या मध्ये लोंबकळून पाच वर्षं घालवणारे जास्त.

सिडको_पालक
नव्या शैक्षणिक धोरणातल्या चार वर्षांच्या पदवीचं काय? बी.एस्सी. घेतलं तर तीनला थांबायचं की चारला?

गणिताची_वही
एम.सी.ए.ला जायचं तर तीनला थांबा. तीन वर्षांचे साधारण १२० ते १३२ क्रेडिट, चारचे १६० ते १७६. चौथं वर्ष ऑनर्सचं, त्यानंतर पदव्युत्तर एका वर्षात होतं. म्हणजे ३+२ काय, ४+१ काय, बेरीज तीच. चौथं वर्ष कामाचं कोणाला? बाहेरदेशी जिथे चार वर्षांचीच पदवी मागतात त्यांना, आणि संशोधनाकडे जाणाऱ्यांना. पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के असतील तरच संशोधनासह ऑनर्स मिळतं. आपल्या कॉलेजात चौथं वर्ष त्या विषयात खरंच आहे का, हेही विचारा. सगळीकडे नसतं.

एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोननंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. नाइलाज असेल तर वापरायचं, बेत म्हणून नाही.

ताळेबंद
कर्जावर कोणी बोललं नाही म्हणून.

समजा ६ लाख, दरवर्षी दीड लाख असे चार हप्ते, व्याज १० टक्के. फेड सुरू होते अभ्यासक्रम संपून एक वर्षाने. या पाच वर्षांत व्याज चढतच असतं : पहिल्या हप्त्यावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन. सरळव्याजाने २ लाख १० हजार. ते मुद्दलात मिळवलं की ८ लाख १० हजार. सात वर्षांच्या फेडीला महिना साधारण १३,४५० रुपये. शिकत असतानाच व्याज भरत गेलात तर मुद्दल ६ लाखच राहतं आणि हप्ता ९,९६० च्या आसपास येतो. आता वरच्या साडेपंचवीस हजारांतून १३,४५० काढून बघा.

नेहमीच्या बँक योजनेत ४ लाखांपर्यंत तारण-जामीन नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार, त्यावर तारण. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी विनातारण आहे, पण ती ठरावीक वरच्या क्रमवारीच्या संस्थांनाच. कॉलेज त्या यादीत आहे का ते आधी बघा, मग बँकेत जा. व्याजावर आयकरात वजावट जुन्या करप्रणालीत मिळते.

देवळाली_कॅम्प
एका कॉलेजात पैसे भरले, मग कॅपमध्ये चांगलं मिळालं. पैसे आणि मूळ कागद परत मिळतात का?

कागदपत्र_काकू
कॅपच्या अभ्यासक्रमात अंतिम तारखेच्या आत प्रवेश रद्द केला तर १,००० रुपये कापून बाकी परत. रद्द करण्याचा अर्ज ऑनलाइन भरून त्याची प्रत कॉलेजात द्यायची. नुसतं तोंडी सांगून आलात तर जागा तुमच्याच नावावर राहते.

बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम.ला यूजीसीची २०१८ ची पायरी आहे : प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केला तर १०० टक्के परत, त्याहून उशिरा पण तारखेच्या आत ९०, तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८०, तीस दिवसांपर्यंत ५०, मग काही नाही. मूळ कागद अडवून ठेवता येत नाहीत, पडताळून लगेच परत द्यायचे असतात. तरी ‘ठेवून जा’ म्हणालेच तर आवक क्रमांकासह पोच घ्या. आणि जाण्याआधी मूळ दाखल्याच्या, म्हणजे शाळा सोडल्याच्या, पाच रंगीत प्रती काढून ठेवा. तो एकदा जमा झाला की दुसरीकडे दाखवायला तुमच्या हातात तेवढंच असतं.

सिडको_पालक
तिन्ही तक्ते काढले. ज्या कॉलेजच्या फ्लेक्सवर सगळ्यात मोठा आकडा होता, तिथे मुदतीत पास होणारे निम्म्याहून थोडेच जास्त निघाले. नवं कॉलेज तर तक्त्यातच नाही, अजून पहिली बॅच बाहेर पडलेली नाही. मुलगी सध्या पॉइंटर्सशी भांडतेय, पण उठलेली नाही. बी.एस्सी. सीएस वर सरकलंय, जुन्या कॉलेजची ईअँडटीसी खाली. नॉन-क्रिमीलेअर बघितलं तर मागच्या मार्चचंच निघालं.

कागदपत्र_काकू
उद्या सकाळी सेतूला जा. उत्पन्नाचा तीन वर्षांचा दाखला बरोबर ठेवा, त्याच्याशिवाय अर्ज घेत नाहीत. सोमवारी गर्दी असते, पण थांबू नका.